कोंबड्याशिवाय सत्त्याऐंशी फूट

विद्यापीठाच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर जो पितळी कोंबडा वाऱ्याबरोबर गरगर फिरतो ना, तो ग्रंथालयातल्या बाईंमुळे तिथं चढला. हे मी सांगितलं की लोक हसतात. हसू देत. सदतीस वर्षं मी त्या ग्रंथालयात पुस्तकं उचलली, पुसली, जागच्या जागी ठेवली. थापा मीही मारल्या, नाही म्हणत नाही, पण त्या घरी, उशीर का झाला ते सांगताना. ग्रंथालयाच्या बाबतीत मी फार तर थोडं तिखटमीठ लावतो.

बाई संदर्भ विभागात होत्या. विभाग म्हणजे काय, तर वाचनकक्षाच्या तोंडाशी एक टेबल, मागं तीन कपाटं, डोक्यावर कुरकुरणारा पंखा. कुणाला एखादी माहिती हवी असेल आणि ती कुठल्या पुस्तकात सापडेल हे कळत नसेल, तर त्यानं त्या टेबलाशी जायचं. एवढाच कारभार. पण बाईंची एक खोड होती. कुणी काही विचारलं की त्या चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि म्हणायच्या, "कशाला हवंय?"

त्यावरून अख्खं विद्यापीठ त्यांना पाठीमागं 'कशालाबाई' म्हणायचं. तोंडावर म्हणायची छाती नव्हती कुणाची.

आता तुम्ही म्हणाल, ही काय रीत झाली? माणूस माहिती मागायला आला, तर द्यावी की मुकाट्यानं! पण बाईंचं म्हणणं, माणूस पहिल्यांदा जे विचारतो ते त्याला हवंच नसतं. एकदा वसतिगृहातला एक मुलगा आला, डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली, आणि म्हणाला, "विषांवरचं पुस्तक द्या." देवघेवीच्या काउंटरवरचा कारकून टेबलाखाली लपायच्या बेतात. बाई शांत. "कशाला हवंय?" "असंच." "असंच विष कुणी मागत नाही. कुणाला द्यायचंय?" "त्यांना." "त्यांना म्हणजे किती जणांना?" "हजारभर तरी असतील." चौथ्या प्रश्नाला निघालं की पोराच्या गादीत ढेकूण झालेत आणि तीन आठवडे त्याचा डोळा लागलेला नाही. बाईंनी घरगुती उपायांच्या पुस्तकातलं पान एकशे बारा उघडून दिलं. आठवड्यानं पोरगा आला तो असा टवटवीत, की आम्ही ओळखलाच नाही.

दुसरे एक गृहस्थ विवाहाचा कायदा मागायला आले. तिसऱ्या 'कशाला'ला कळलं की त्यांनी अजून मुलीलाच विचारलेलं नाही. बाईंनी पुस्तक दिलंच नाही. म्हणाल्या, "आधी तिला विचारा, मग मला." ते गेले, विचारून आले, आणि पुढं त्यांच्या थोरल्या लेकीनं आमच्याकडूनच पीएच.डी. केली.

बाईंकडे एक नोंदवही होती. माणसामागं एकच ओळ. त्यानं तोंडानं काय विचारलं ते नाही लिहायचं. शेवटी जो खरा प्रश्न निघाला तो, त्याचं उत्तर, आणि ते कुठं सापडलं ते. त्यामुळं दिवसाकाठी वहीत सहा-सात ओळी. आणि इथंच घोडं अडलं.

नवे कुलगुरू आले होते. त्यांना आकड्यांचा भारी सोस. त्यांनी वह्या मागवल्या आणि ओळी मोजल्या. मग आमच्या ग्रंथपालसाहेबांना बोलावून म्हणाले, "दिवसाला सात प्रश्न? मी एक यंत्र पाहून आलोय. पडदा असतो, बटण दाबलं की तीन सेकंदांत उत्तर. तुमच्या बाई तीन सेकंदांत काय करतात?"

साहेब खरं तेच बोलले. "चष्मा वर सरकवतात."

झालं. पत्र आलं. 'संदर्भसेवेच्या गुणवत्तेची तपासणी' होणार. बाहेरून एक परीक्षक येणार, पण वेष पालटून. साध्या वाचकासारखा येऊन तो आठवडाभरात वीस प्रश्न विचारणार. सोळा उत्तरं बरोबर आली तर टेबल राहील. नाही आली तर त्या जागी यंत्र, आणि बाईंची रवानगी तळघरात, बांधणी विभागात.

तळघर म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. सत्तर वर्षांची धूळ होती तिथं. आणि बाईंना धुळीचं वावडं. एकदा त्या पाच मिनिटं खाली गेल्या तर अशा शिंकल्या, अशा शिंकल्या, की वरच्या मजल्यावर तालिकेतली कार्डं आपोआप वर्णानुक्रमानं लागली. निवृत्तीला अजून चार वर्षं होती. चार वर्षं तिथं काढायची म्हणजे बाई एक तर संपल्या असत्या, नाहीतर इमारत तरी पडली असती.

पत्र आलं त्या सोमवारपासून ग्रंथालयाला जे सौजन्याचं भरतं आलं, ते काही विचारू नका. परीक्षक कोण हे ठाऊक नाही, तेव्हा दारातून आत येणारा प्रत्येक जण परीक्षक! एक गृहस्थ स्वच्छतागृह कुठं म्हणून विचारायला आत शिरले, त्यांना तिघांनी तिथवर पोचवलं आणि बाहेर आल्यावर साहेबांनी स्वतः विचारलं, "समाधान झालं ना?" देवघेवीचा कारकून, जो वीस वर्षांत मान वर करून बोलला नव्हता, तो पुस्तक उशिरा परत करणाऱ्याला म्हणाला, "असू दे हो, रमला असाल वाचनात!" त्या माणसाला वाटलं कारकुनाला ताप आलाय.

बाईंमध्ये मात्र काडीचा फरक नाही. जो येईल त्याला, "कशाला हवंय?"

मला राहवेना. माझा मेव्हणा कुलसचिवांच्या कचेरीत टंकलेखन करायचा. घरी जेवायला आला तेव्हा मी आडून आडून विषय काढला.

"दाजी, तो कागद मीच टाइप केलाय," तो म्हणाला. "वीस प्रश्न, वीस उत्तरं. पण माझ्या तोंडून एक अक्षर बाहेर पडणार नाही."

"तोंडून कशाला पडायला हवं? खिशातून पडलं तरी चालेल."

आमची ही वाढता वाढता म्हणाली, "पडू दे रे भाऊ. नाहीतर यांच्या बाई तळघरात जातील आणि हे घरी येऊन रोज तेच तेच पुराण लावतील."

बहिणीपुढं मेव्हण्याचं काय चालणार? पडला कागद.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तो बाईंच्या टेबलावर सरकवला. बाईंनी घडी उघडली नाही. माझ्याकडं बघितलं.

"काय आहे हे, मामा?" सगळे मला मामाच म्हणायचे.

"उत्तरं."

"कशाला हवीत?"

"अहो, कशाला म्हणजे काय, बाई! तुम्हाला वाचवायला!"

"उत्तरं आधीच ठाऊक असली, तर मी शोधू काय?" त्यांनी कागद पाकिटात घातला, गोंद लावून बंद केला आणि परत माझ्या हातात दिला. "तुमच्याकडेच ठेवा. फोडू नका."

फोडलं नाही मी. उजेडात धरून वाचलं.

परीक्षक तेव्हाच येऊन ठेपला होता, हे मला त्याच दिवशी कळलं. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, पोट सुटलेला माणूस, आणि पाठीवर शाळकरी पोरासारखं निळं नवंकोरं दप्तर. दप्तराच्या बंदाला दुकानाची चिठ्ठी तशीच लटकत होती. आम्ही त्याला दप्तरवाला म्हणायला लागलो. तो रोज बरोबर साडेदहाला यायचा, बरोबर चार प्रश्न विचारायचा आणि प्रत्येक प्रश्नानंतर नळाजवळ जाऊन, पाणी प्यायच्या मिषानं, चिठ्ठीवर काहीतरी खरडायचा. दिवसातून चार वेळा लोटाभर पाणी. बिचाऱ्याचा अर्धा वेळ आमच्या स्वच्छतागृहात गेला.

बाई त्याला भाजून काढत होत्या. "मुंग्या स्वतःच्या वजनाच्या किती पट ओझं उचलतात?" "कशाला हवंय?" आता याला कागदावरचा प्रश्न तेवढा दिलेला, 'कशाला'चं उत्तर कुणी टाइप करूनच दिलं नव्हतं. तो गडबडला. "माझ्या... माझ्या घरी मुंग्या आहेत." "काय उचलून नेतायत?" "साखर." "किती?" "बरीच." "मग तुम्हाला त्यांचं वजन हवंय की साखरेच्या डब्याला घट्ट झाकण?" दप्तरवाल्यानं घाम पुसला. उत्तर मिळालं, बरोबर मिळालं, पण वर डब्याच्या झाकणाचा पत्ताही घेऊन गेला.

त्याच्या थापा रोज वाढत चालल्या. मंगळवारी त्याला एक भाऊ होता, जो जहाजावर होता. बुधवारी भाऊ बुडाला, कारण समुद्राच्या खोलीचा प्रश्न होता. गुरुवारी भाऊ परत आला, आणि बाईंनी चष्मा वर सरकवून विचारलं, "हा तोच का दुसरा?" मी पन्नास वर्षं थापा मारतोय, पण असा कच्चा गडी पाहिला नाही.

चार प्रश्न मात्र हुकले. बाईंनी विचारलं, कुठल्या साली? कुठल्या मापानं? कागदावर तसं काही नव्हतं, त्यामुळं त्याला सांगता आलं नाही. बाई म्हणाल्या, "मग नक्की काय हवंय ते ठरवून या." चिठ्ठीवर त्याला लिहावं लागलं: उत्तर दिले नाही. मी पाकीट उजेडात धरून हिशेब ठेवत होतो. शुक्रवारी अकराला अशी स्थिती, की पंधरा बरोबर, चार गेले, आणि उरला एक. विसावा. सगळं त्याच्यावर.

दप्तरवाला टेबलाशी आला. घसा खाकरला.

"आपल्या विद्यापीठाच्या घड्याळाच्या मनोऱ्याची उंची किती?"

मला नाचावंसं वाटलं. इतकं सोपं! उत्तर कागदावर होतं, ब्याण्णव फूट. मनोऱ्याच्या पायथ्याशी संगमरवरात कोरलेलं होतं, ब्याण्णव फूट. कुलगुरूंनी स्वतः लिहिलेल्या विद्यापीठाच्या स्मरणिकेत, पहिल्याच पानावर होतं, ब्याण्णव फूट.

"कशाला हवीय?" बाई म्हणाल्या.

"निबंध लिहायचाय. मनोऱ्यावर."

बाईंनी स्मरणिका काढली, पान उघडलं. "इथं ब्याण्णव दिलीय."

मी सुटकेचा श्वास सोडला.

"पण," बाई म्हणाल्या.

मी कपाटामागं होतो, दप्तरवाल्याच्या पाठीशी. मी दोन्ही हात वर केले आणि बाईंना नऊ बोटं दाखवली, मग दोन. पुन्हा नऊ, पुन्हा दोन. ओठांनी म्हटलं, ब्या-ण्ण-व. दप्तरवाला वळला. मी तसाच हात वर करून उभा.

"मामा," बाई म्हणाल्या, "हात दुखतायत का? मग कपाट तीनमधून बांधकामाचे नकाशे काढा. लांब नळी आहे, खालच्या कप्प्यात."

काढले. काय करतो? चार कोपऱ्यांवर चार शब्दकोश ठेवून बाईंनी नकाशा पसरला आणि बोट टेकवलं. "जमिनीच्या वर सत्त्याऐंशी. जमिनीखाली पाया, पाच. स्मरणिका लिहिणाऱ्यानं दोन्ही मिळवलेत. उंदरानं बिळातून मोजला तर मनोरा ब्याण्णव भरेल. तुम्ही उंदरांसाठी निबंध लिहिताय का?"

"नाही," दप्तरवाला म्हणाला. "पण... नकाशा एक सांगतो, पुस्तक एक सांगतं. खरं कोणतं धरायचं?"

पाच दिवसांत पहिल्यांदा त्यानं कागदावर नसलेला प्रश्न विचारला होता. बाईंचा चेहरा असा खुलला, की जणू मूल पहिल्यांदा बोललं. "मामा, पुडकी बांधायची सुतळी आणा. गुंडाच आणा. आणि बांधणीवाल्याची लोखंडी पट्टी."

मनोऱ्याला एकशे चाळीस पायऱ्या. मी त्या गुडघ्यांनी चढलो असं म्हटलं तरी चालेल. मनोरा तेव्हा माथ्यावर सपाट होता. कठड्याच्या काठावरून मी सुतळी सोडली, टोकाला बाईंचा पितळी कागददाब बांधून. खाली बाई आणि दप्तरवाला मुंग्यांएवढे दिसत होते. अर्ध्यावर वारा सुटला आणि सुतळी जाऊन घड्याळाच्या मिनिटकाट्यात अडकली. काटा थांबला. अकरा वाजून चाळीस मिनिटं.

आता आमच्या विद्यापीठात सगळे तास त्या घड्याळावर सुटतात. तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांचा तास बाराला संपायचा, तो बारा वाजेचनात म्हणून चालू राहिला. विषय होता 'काळ'. पोरं सांगतात, वर्षभरात तो विषय त्यांना तेव्हाच काय तो समजला. मी कठड्यावर पालथा पडून सुतळी ओढतोय, चार कबुतरं माझ्या पाठीवर बसून मजा बघतायत, आणि खालून दप्तरवाला बोंबलतोय, "डावीकडं घ्या हो मामा, डावीकडं!" शेवटी सुटली एकदाची. कागददाब टणकन संगमरवरावर आपटला, नेमका 'ब्याण्णव'मधल्या 'ब्या'वर, आणि टवका उडाला.

मी खाली पोचेपर्यंत दोघं हिरवळीवर गुडघे टेकून सुतळी मोजत होते. पट्टी तीन फुटी. दप्तरवाला मोठ्यानं मोजत होता. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. सुतळी संपली. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी.

दप्तरवाला उठून उभा राहिला. गुडघ्यांना माती, टकलावर ऊन, आणि आनंदानं असा ओरडला, "अहो, पण उत्तरपत्रिकेत तर ब्याण्णव आहे!"

मग त्याच्याच लक्षात आलं. त्यानं तोंडावर हात ठेवला.

"असू दे," बाई म्हणाल्या. "सोमवारीच कळलं होतं मला. दप्तराची चिठ्ठी काढून टाका आता. भाऊ सुखरूप आहे ना?"

"मला भाऊच नाही हो," तो म्हणाला आणि मटकन हिरवळीवर बसला. "बाई, तुमच्याआधी मी नऊ ग्रंथालयं तपासली. विचारलं की बोट दाखवतात, 'तिकडं बघा.' नाहीतर पुस्तक आपटतात. कशाला हवंय म्हणून एकानंही विचारलं नाही. इथं येईपर्यंत मलाही वाटायचं, काम असंच असतं." मग त्यानं खिशातून चिठ्ठी काढली. "आता हे बरोबर लिहू की चूक? कागदाप्रमाणं चूक आहे. सुतळीप्रमाणं बरोबर. चूक लिहिलं तर तुम्ही तळघरात. बरोबर लिहिलं तर कुलगुरू चूक."

बाईंनी एक शब्द बोलायचा होता फक्त. 'लिहा बरोबर.' कुणीही बोललं असतं.

बाईंनी सुतळी पुन्हा गुंड्यावर गुंडाळायला घेतली. "याचा संदर्भ माझ्या कपाटात नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही परीक्षक. तुम्हीच शोधा."

शनिवारी त्याचा अहवाल गेला. सोळा बरोबर. सोबत पुरावा म्हणून सुतळीचा गुंडा, वर लाखेचा शिक्का.

कुलगुरूंच्या दालनात तीन आठवडे बैठका झाल्या. मेव्हणा टंकलेखनाला आत असायचा, त्यामुळं मला सगळं ताजं कळायचं. एक जण म्हणाला, सुतळी आटली असेल. दुसरा म्हणाला, मनोरा खचला असेल. तिसरा म्हणाला, स्मरणिकेच्या दोन हजार प्रती परत मागवू. पण त्या वाटलेल्या, आणि फुकट वाटलेलं पुस्तक परत मागायचं म्हणजे लोकांना आधी घरात शोधावं लागणार. संगमरवर बदलावा तर उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांची नावं त्याच दगडावर. शेवटी कुलगुरूच म्हणाले, "पुस्तक बदलता येत नसेल, तर मनोरा बदला."

पाच फूट वाढवायचा ठरला. वर काय बसवावं यावर आणखी एक आठवडा, आणि मग पितळी कोंबडा नक्की झाला, वाऱ्याची दिशा दाखवणारा. त्याला पैसा कुठून? यंत्रासाठी ठेवलेला होताच. तो सगळा कोंबड्यात गेला. यंत्र बारगळलं, तळघर टळलं, बाईंचं टेबल जिथल्या तिथं.

कोंबडा बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी कुलगुरू स्वतः ग्रंथालयात आले. मागं-पुढं कुणी नाही, एकटेच. साहेब धावत आले, त्यांना हातानंच थांबवलं. अहवालासोबत गेलेला सुतळीचा गुंडा परत बाईंच्या टेबलावर ठेवला आणि समोर उभे राहिले.

"बाई, आपल्या मनोऱ्याची उंची किती?"

बाईंनी चष्मा वर सरकवला. "कोंबड्यासकट की कोंबड्याशिवाय?"

"सकट."

"ब्याण्णव."

"बस, एवढंच हवं होतं," कुलगुरू म्हणाले. पण हलले नाहीत. टेबलाचा काठ चाचपत राहिले.

"बसा ना," बाई म्हणाल्या. "कशाला हवी होती?"

मी त्याच कपाटामागं होतो. पाच 'कशाला' मोजले मी. साध्या माणसाला चार पुरतात. कुलगुरू आधी उंचीबद्दल बोलले, मग विद्यापीठाच्या लौकिकाबद्दल, मग यंत्राबद्दल, मग म्हणाले, ती स्मरणिका मी रात्रंदिवस खपून लिहिली हो, आणि कुणी वाचेल असं वाटलंच नव्हतं. पाचव्याला आवाज इतका खाली गेला की मला ऐकू आला नाही, मी एवढा पुढं वाकलो तरी. बाईंनी काहीतरी उत्तर दिलं. कुलगुरू हसले, उठले, बाईंना नमस्कार केला आणि गेले. पुढच्या महिन्यापासून त्यांनी वहीतल्या ओळी मोजणं सोडून दिलं. वाचायलाच लागले, आणि ढेकणांचं पान एकशे बारा घरी मागवून घेतलं.

संध्याकाळी बाई गेल्यावर मी नोंदवही उघडली. त्या दिवसाची शेवटची ओळ:

'प्रश्न: माझं चुकलं का? उत्तर: हो. संदर्भ: सुतळीचा गुंडा, कपाट तीन, वरचा कप्पा.'

गुंडा अजून तिथंच आहे, हवा तर जाऊन बघा. एक गोष्ट मात्र वहीत नाही. कोंबडा वर चढवायला मी मदतीला होतो, आणि खिशात बांधणीवाल्याची पट्टी होती. कोंबडा तुऱ्यासकट पाच फूट दोन इंच भरला. मी कुणाला बोललो नाही. मला कुणी विचारलंच नाही, आणि बाईंना सांगावं तर त्या म्हणणार, कशाला हवंय?